अमूर्त डिझाइन कापडावर उतरवताना: ठसा, स्क्रीन की डिजिटल?

डिझाइन आधी पूर्ण करायचं आणि ते कशाने छापायचं हे मागाहून ठरवायचं, असं बरेच जण करतात. अमूर्त डिझाइनला हे मारक ठरतं. कोयरी किंवा मोर असेल तर छपाई जराशी सरकली तरी मोर ओळखू येतो. अमूर्तात रेषेची धार, दोन आकारांमधली मोकळी जागा आणि रंगाचा पोत एवढंच हाताशी असतं, आणि छपाईची पद्धत नेमकं तेच बदलते. म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वीच पद्धत ठरवा.

ठशांपासून सुरुवात करू. राजस्थानातल्या बगरू आणि सांगानेरला आजही लाकडी ठशांनी छापतात. गुजरातमधलं पेथापूर हे ठसे कोरण्यासाठी ओळखलं जातं. रंगागणिक वेगळा ठसा लागतो: बाह्यरेषेचा रेख, पार्श्वभूमीचा गद, भरावाचा दत्ता. ठसा हाताने उचलून ठोकायचा असल्यामुळे त्याचा आकार बेताचाच असतो. मीटरभर लांबीचा वाहता फराटा इथे जमत नाही, मोठा सपाट भागही एकसारखा भरत नाही. टिंबं, तुटक रेघा, त्रिकोण, जाळी यांना मात्र ठसा फार शोभतो. एक छाप गडद पडतो, शेजारचा किंचित फिका, आणि काटेकोर भूमितीतला कोरडेपणा निघून जातो. पाच-सहा रंगांचं, एकमेकांत विरघळणारं डिझाइन असेल तर ठशांच्या वाटेला जाऊ नका.

माझा कल स्क्रीनकडे आहे, आणि तो का ते सविस्तर सांगते. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी; तिच्या उघड्या ठेवलेल्या भागातून रंग कापडावर उतरतो. इथेही प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म (जिच्यावरून स्क्रीन तयार होते ती पारदर्शक पट्टी) आणि वेगळी स्क्रीन, पण आकाराची मुभा ठशापेक्षा कितीतरी मोठी. शिवाय रंग पारदर्शक वापरले तर एकावर एक चढवता येतात. पिवळ्या गोलावर निळी पट्टी अर्धी आली की तेवढ्याच जागी हिरवा उमटतो. स्क्रीन दोन, रंग तीन. हा हिरवा संगणकावर निवडलेल्या हिरव्यासारखा वरून लावल्यासारखा वाटत नाही, कारण तो दोन आकारांच्या भेटीतून आलेला असतो. अमूर्त कामात याहून मोलाचं काय असणार?

रंग मोजके ठेवावे लागतात, ही स्क्रीनबद्दलची नेहमीची तक्रार. मला ती तक्रार वाटत नाही. ल्युबोव्ह पोपोव्हा आणि वार्वारा स्तेपानोव्हा या रशियन चित्रकर्तींनी 1923–24 मध्ये मॉस्कोच्या कापड छपाई कारखान्यासाठी वर्तुळं, पट्टे आणि थोडेच रंग घेऊन केलेली डिझाइन्स आजही ताजी दिसतात. पिगमेंट रंग वापरणार असाल तर एक काळजी घ्या: त्यातल्या बाइंडरमुळे, म्हणजे रंग कापडाला चिकटवणाऱ्या द्रव्यामुळे, मोठे भरीव आकार कडक होतात आणि मलमल अंगावर मऊ पडत नाही. तिथे थेट धाग्याशी जोडले जाणारे रिॲक्टिव्ह रंग घ्या. माल पुढे गिरणीत रोटरी स्क्रीनवर, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या आकाराच्या स्क्रीनवर, न्यायचा विचार असेल, तर रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा डिझाइनचा तुकडा) 64 सेंटिमीटरमध्ये पूर्ण बसेल असाच आखा, म्हणजे 64, 32 किंवा 16. सर्वसाधारण रोटरी स्क्रीनचा घेर तेवढाच असतो.

डिजिटलमध्ये स्क्रीनचा खर्च नाही, रंगांची मोजदाद नाही, चार मीटरही छापून मिळतात. जलरंगाचे ओघळ, ब्रशचे केस उठलेले फराटे हवे असतील तर दुसरा पर्याय शोधू नका. पण कापड जपून निवडा. सुती आणि रेशमी कापडावर रिॲक्टिव्ह शाई चालते. त्यासाठी कापडावर आधी प्रक्रिया आणि नंतर वाफ, धुलाई लागते. पॉलिस्टरवर कागदावरून सुमारे 200 अंश तापमानाला रंग चढवतात, आणि तिथे मागची बाजू पांढरट राहते. कुर्त्यात ते खपून जातं. ओढणी वाऱ्यावर उलटली की लगेच दिसतं.

साडीचा विचार तर वेगळाच करावा लागतो. साडेपाच मीटरचं डिझाइन संगणकाच्या पडद्यावर सलग दिसतं; नेसल्यावर निऱ्यांमध्ये त्याची जेमतेम पाच इंचांची पट्टी उरते. दोन फुटांचा देखणा आकार तिथे चिरला जातो. मोठा आकार पदरावर घ्या, निऱ्यांच्या भागात आडवी लय ठेवा आणि अंगावरचं रिपीट हाफ ड्रॉप करा (शेजारच्या रांगेत तोच तुकडा अर्ध्याने खाली सरकवा), म्हणजे एकच ठिपका ओळीने येऊन नको असलेले पट्टे दिसणार नाहीत. कागदाची प्रिंट काढून तिच्या निऱ्या घालून बघा, बरंच कळतं.

ज्याचं काम नुकतं सुरू होतंय, त्याने नमुने डिजिटलवर काढावेत आणि जे डिझाइन विकलं जाईल ते स्क्रीनवर न्यावं. स्क्रीनचा खर्च एकदाच होतो, वीस मीटरवर तो जड पडतो, पाचशेवर जाणवत नाही. मात्र नमुन्याच्या वेळीच रंग चार-पाचावर आणा, नाहीतर पुढे सगळं डिझाइन मोडून पुन्हा बांधावं लागेल.

छपाईवाल्याशेजारी बसून काम करण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. चित्रकार प्रभाकर बरवे वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात (हातमागाच्या कारागिरांसाठीच्या सरकारी केंद्रात) काम करत होते, अकोल्यात जन्मलेले अमूर्त चित्रकार अंबादासही या केंद्रांमध्ये होते. चित्रकार आणि कारागीर एका छताखाली असले की फिल्म काढण्याआधीच कळतं, कुठली रेघ टिकेल आणि कुठली फुटेल. फाइल मेल करून मोकळं होण्यापेक्षा एक दिवस टेबलापाशी उभे राहा. पहिला नमुना हातात आला की ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा, दोनदा धुवा, इस्त्री करा आणि मगच ताक्याची ऑर्डर द्या.