बायपासनंतरचं वर्षभराचं 'आफ्टरकेअर' पॅकेज: पाचपैकी तीन तारे

पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, गॅस्ट्रिक बायपास. त्याबरोबर वर्षभराचं आफ्टरकेअर, म्हणजे ऑपरेशननंतरच्या देखभालीचं, पॅकेज घेतलं होतं, त्याबद्दल हे लिहितोय. हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण ओळखीतल्या दोघांनी दुसरीकडे घेतलेली पॅकेजंही याच साच्यातली निघाली.

मी सांगलीकडचा, साखर कारखान्यात अकाउंट्सला. वजन 124, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) 41, आणि शुगर गोळ्यांना दाद देत नव्हती. बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 च्या वर असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकवणारा गंभीर स्लीप अ‍ॅप्निया असलं काही असेल, तर लठ्ठपणाचं ऑपरेशन विम्यात बसतं. माझं बसलं. आफ्टरकेअरचे पैसे मात्र खिशातून, तेही आगाऊ.

सर्जनला पाच तारे, त्यावर जास्त लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधून चालवलं, टाके नीट भरले, शुगरच्या गोळ्या बघता बघता निम्म्यावर आल्या.

डाएटिशियनलाही पाच. ही मुलगी पॅकेजमधलं खरं सोनं. सुरुवातीला नुसतं पातळ: शहाळ्याचं पाणी, डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप. मग ताक, दूध, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेली मऊ खिचडी. एका वेळी 30 मिली, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण धुऊन ठेवलं होतं. त्या टोपणातनं मी डाळीचं पाणी घोट घोट पित बसायचो, आणि बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवून घ्यायची, मला भाकरी-खर्ड्याचा वास लागू नये म्हणून. चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही कधी वेगळं जेवलो नव्हतो. तो चार्ट कुठल्याच फाइलीत नसतो.

दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, हे सगळं डाएटिशियननं आवाजी मेसेज करून करून अंगवळणी पाडलं. "काका, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नका, परत येतात," हेही आधीच सांगितलं. गळले. घाबरलो नाही. माझी तक्रार इथंच सुरू होते. केसांचं जसं आधी सांगितलंत, तसं मनाचं का नाही सांगितलंत?

माझ्या ओळखीतली मंडळी वजन उतरतंय म्हटल्यावर आनंदानं विचारायची, "काय तात्या, टीबी-बिबी झाला काय?" पँटी सैल होत होत्या, गुडघे गप्प झाले होते, आणि संध्याकाळी पाच वाजले की छातीवर दगड ठेवल्यागत व्हायचं. कारखाना सुटला की आम्ही चौघंजण स्टँडमागच्या गाड्यावर जमायचो. कांदाभजी, चहा, कागदात भडंग, आणि गावभरचं राजकारण. ऑपरेशननंतर एकदोनदा जाऊन नुसता बसलो. समोर भज्यांची परात, आणि मी पाण्याची बाटली धरून. मग जायचं सोडलं. घरी येऊन टीव्ही लावायचा आणि बघायचा नाही. रात्री झोप नाही. लोकं म्हणायची, आता तर खूश असायला पाहिजे तुम्ही.

आता पॅकेजमधल्या मनाच्या भागाकडे. ऑपरेशनच्या आधी सायकॉलॉजिस्टची एक भेट असते, ती माझी चहा गार व्हायच्या आत उरकली. ऑपरेशन करायला हा माणूस फिट आहे, असं लिहून सही. त्यानंतर सगळं अ‍ॅपवर. अ‍ॅपमध्ये नऊ प्रश्नांचा एक फॉर्म येतो, पीएचक्यू-9 म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप कशी, भूक कशी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज 27 पर्यंत. फॉर्म चांगला आहे, जगभर वापरतात. शेवटचा, नववा प्रश्न जगण्याचा कंटाळा आलाय का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, असा असतो. त्याला मी शून्य दिलं नव्हतं. अ‍ॅपनं उत्तर दिलं: "धन्यवाद! तुमची माहिती जतन झाली आहे." फोन आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यात नाही. वजनाचा आकडा भरायला विसरलो असतो तर मात्र को-ऑर्डिनेटरचा फोन दुसऱ्या दिवशी येतो, याची गॅरंटी.

पेशंट लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही पॅकेजमध्येच. त्यात आधी-नंतरचे फोटो, टाळ्या, नवीन जीन्स. नाशिककडच्या एका ताईंनी एकदा लिहिलं, "कशातच मन लागत नाही, रडू येतं." अ‍ॅडमिननं सूर्यफुलाचं स्टिकर टाकलं, वर लिहिलेलं "पॉझिटिव्ह राहा". त्याखाली लगेच कुणाचे तरी वीस किलो उतरले. ताई परत काही बोलल्या नाहीत. ग्रुपला एक तारा, तोही पाककृतींसाठी.

त्या दिवसांत मी 14416 ला फोन केला. टेली-मानस, केंद्र सरकारची फुकट सेवा, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, रात्री-अपरात्री कधीही. मराठीत बोलणारी बाई होती. तिनं आधी मी आत्ता कुठं आहे, घरात कोण आहे, हे विचारलं. मग बराच वेळ नुसतं ऐकलं. आणि शेवटी सांगितलं, बायकोला सांगा आणि सायकिअ‍ॅट्रिस्टला भेटा, सर्जनच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. याला माझ्याकडून पाच तारे. नंबर हिच्या फोनमध्येही सेव्ह आहे.

सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जे कळलं ते पॅकेजच्या फाइलीत पहिल्या पानावर पाहिजे होतं. ऑपरेशनच्या आधीपासून माझी डिप्रेशनची एक गोळी चालू होती, पोटात हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारातली. भरतीच्या फॉर्मवर मी ती लिहिली होती. बायपासमध्ये अन्नाची वाटच बदलते, आतड्याचा वरचा भाग वगळला जातो, त्यामुळे असल्या गोळ्या पूर्वीइतक्या अंगी लागतीलच असं नाही. डॉक्टरांनी ती बदलून साधी गोळी दिली, डोस नव्यानं बसवला. बी-12 तपासलं, ते तळाला गेलेलं. बायपासनंतर ते शरीरात नीट जिरत नाही, आणि कमी पडलं की मरगळ, विसराळूपणा, हातापायाला मुंग्या. इंजेक्शनं सुरू झाली. दारूचंही विचारलं, कारण बायपासनंतर ती झटकन आणि जास्त चढते, आणि खाण्याची सवय सुटलेला माणूस कधीकधी तिकडं वळतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात साडेआठ हजारांहून जास्त, वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक पेशंटांचा अभ्यास झाला, 2015 साली छापून आला. स्वतःला इजा करून घेऊन इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर आधीच्या साधारण दीडपट झालं होतं, आणि त्यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. बहुतेकांवर तशी वेळ येत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. पण मी पडलो हिशेबाचा माणूस. पॅकेज संपतं बाराव्या महिन्यात. वजन उतरायचं थांबतं, कौतुक आटतं, ग्रुपवर टाकायला फोटो उरत नाही, आणि नेमकी तेव्हाच सेवा बंद.

निम्म्या वर्षानंतर हॉस्पिटलात नवीन सायकॉलॉजिस्ट मॅडम आल्या, म्हणून हे तीन तारे तरी आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "पाच ते सात तुम्ही काय करत होता? खात होता ते सोडून सांगा." मी गाड्याचं सांगितलं. मग त्या दोन तासांचं वेळापत्रकच केलं आम्ही. चौघांना गाड्यावरनं उठवून घाटावर चालायला न्यायचं, भजी त्यांनी शेवटी खायची, मी ताकाची बाटली आणायची. मनाला वाटो न वाटो, आधी उठून जायचं. हिनं टेबलावर बसून जेवायचं, तेही त्यांनीच हिला फोनवर सांगितलं. मित्रांनी पहिल्या दिवशी शिव्या घातल्या. आता त्यातला एक शुगरवाला स्वतःहून चपला घालून उभा असतो.

पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: सायकॉलॉजिस्टच्या भेटी किती आणि कधीपर्यंत, अ‍ॅपवरचा फॉर्म माणूस वाचतो का, आणि मनाच्या गोळ्या चालू असतील तर ऑपरेशननंतर त्या कोण बघणार. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मनाचा आणि शरीराचा आजार एकाच मापानं मोजावा असं आहे, पण माझी पॉलिसी अ‍ॅडमिट झालं तरच पैसे देते, तेव्हा काउन्सेलिंगचा खर्च धरूनच चाला.

रिन्यूअलचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अ‍ॅप नको, ग्रुप नको, डाएटिशियन आणि मॅडम एवढंच द्या. सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही, असं फोनवरच्या बाई म्हणाल्या. त्यामुळे सध्या दर महिन्याला पुण्याची एसटी पकडतो आणि काउंटरवर साधी ओपीडीची पावती फाडून मॅडमना भेटतो.