मॉडेल रेल्वेचे रूळ: काटोचा युनिट्रॅक की पेकोचा फ्लेक्सी?

एचओ स्केलमध्ये (खऱ्या गाडीच्या १:८७ आकारात) दोन्हीकडे रुळांतलं अंतर १६.५ मिमीच. भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिमी, हिशेबाने १९.३ मिमी व्हायला हवा. पण आपली इंजिनंही बिनतक्रार याच रुळांवर धावतात. तेव्हा प्रश्न उरतो तो रूळ अंथरायच्या पद्धतीचा.

युनिट्रॅकला खडीसारखा दिसणारा प्लॅस्टिकचा पाया जोडूनच येतो. तुकडे खटकन बसवा, गाडी सोडा, खेळ झाला की डब्यात भरा. घरात कायमची जागा नसेल तर दुसरा विचारच नको. मात्र वळणं ठरलेल्या त्रिज्यांचीच मिळतात, ५५० मिमी, ६१० मिमी अशी. स्टेशनात अलगद शिरणारं लांबलचक वळण त्यातून काढणं जिकिरीचं.

तिथे फ्लेक्सी बाजी मारतो. ९१४ मिमीचा तुकडा, हवा तसा वाकवा. वाकवला की आतला रूळ टोकाला पुढे सरकतो; तो कापायचा आणि कानशीने नीट घासायचा, नाहीतर चाक नेमकं तिथेच उतरतं. जोड वळणावर येणार असेल तर दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करून मग वाकवावेत. पुढे कॉर्क, खडी, पातळ केलेला फेव्हिकॉल... हौस असेल तर यातच खरी मजा. जुन्या, खोल कडांच्या चाकांसाठी कोड १०० घ्या (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत). कोड ७५ दिसतो देखणा, पण ती चाकं त्यावर खडखडतात.

दोन्ही एकत्र वापरायचे तर फ्लेक्सीखाली युनिट्रॅकच्या पायाइतकी उंची द्यावी लागते.