पीजीएस की एनपीओपी? तूर-सोयाबीनवाल्यांनी कोणतं सर्टिफिकेट घ्यावं

सेंद्रियचं सर्टिफिकेट काढायचं तर पीजीएसचं (पार्टिसिपेटरी गॅरंटी सिस्टीम) का एनपीओपीचं (नॅशनल प्रोग्रॅम फॉर ऑरगॅनिक प्रॉडक्शन), प्रत्येक गटात हाच घोळ चालूय. माझं म्हणणं आधीच सांगतो, माल कुणाला विकणार हे ठरल्याशिवाय दोन्हीच्या नादी लागू नका, कारण आडतीवर सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव ओल, काडीकचरा अन् डागी दाणा बघून निघतो, मूठभर दाणे मशीनमधे टाकले अन् मॉइश्चर १२ च्या वर गेलं की लगेच कटती, तिथं तुमच्या जीवामृताला कोण विचारतंय.

पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांचं शेत तपासायचं. कमीत कमी ५ जणांचा गट लागतो, सर्टिफिकेटचा खर्च जवळपास नाहीच, आणि परंपरागत कृषी विकास योजनेच्या गटात बसलात तर ३ वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी (खत-बियाणं वगैरे) थेट खात्यावर. सुरुवातीला 'पीजीएस ग्रीन' मिळतं, रूपांतर, म्हणजे रासायनिकवरून सेंद्रियवर यायचा काळ, पूर्ण झालं की 'पीजीएस ऑरगॅनिक'. गोम एकच, भावकी. चुलतभावाच्या गोठ्यामागं युरियाची रिकामी गोणी दिसली तर तपासणीच्या कागदावर लिहिणार कोण? आधीच बांधावरून धुसफूस असते. ज्या गटात हे लिहायची धमक नाही त्याचं सर्टिफिकेट नुसतं कागद.

एनपीओपी २००१ पासूनची, अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था) देखरेखीखाली, तपासायला बाहेरची संस्था येते. एक्सपोर्ट करायचं असेल तर हेच लागतं, पीजीएस तिथं चालत नाही. पण फी आहे, कुठल्या प्लॉटमधून किती माल निघाला याच्या नोंदी आहेत, एकट्या दोन एकरवाल्याला ते झेपत नाही, गटानं किंवा शेतकरी कंपनीनं घ्यावं. हंगामी पिकाला रूपांतर २ वर्षं, फळबागेला ३, तेव्हा जालन्याच्या मोसंबीवाल्यांनी तेवढा दम धरायची तयारी ठेवूनच उतरावं.

कापसाचं विचाराल तर दोन्हीकडं पंचाईत. जीएम, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं चालत नाही आणि आपल्याकडं दुकानात बीटीशिवाय (तेही जीएमच) पाकीट मिळणं मुश्कील. शिवाय शेजारच्या कापसावरची फवारणी वाऱ्यानं आपल्या तुरीवर येते, म्हणून मधे पट्टा सोडायचा नाहीतर बांधालगतच्या ओळींचा माल वेगळा काढायचा. लोक हे विसरतात अन् सगळा ढीग एकत्र करतात.

गावात डाळ करून संभाजीनगरच्या फ्लॅटवाल्यांना द्यायची असेल तर मी डोळे झाकून पीजीएस म्हणेन. घेणाऱ्यांनीपण पाकिटावर सेंद्रियचं सरकारी चिन्ह आहे का बघावं आणि गटाचं नाव विचारावं, 'गावरान', 'नॅचरल' असलं काय बी छापता येतं. अन् खरंच साथ द्यायची असेल तर तूर निघाल्यावर वर्षाची डाळ आगाऊ बुक करा, महिन्याला एक किलो घेऊन गटाचा गाडीखर्चपण निघत नाही.