इग्वानासाठी सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट आणि यूव्हीबी ट्यूब: इंदूरमधले दहा महिने

मावसभावाची बदली झाली आणि त्याचा ग्रीन इग्वाना (पाला खाणारा मोठा सरडा) नोव्हेंबरात आमच्याकडे आला. वय दोन वर्षं, शेपटीसकट तीन फूट. दिवसभर फांदीवर बसून मान डोलावतो म्हणून आईनं नाव ठेवलं तात्या. वाड्यातल्या सगळ्यांना ती घोरपडच वाटते. घोरपड पाळणं गुन्हा आहे आणि हा मध्य-दक्षिण अमेरिकेतला वेगळा प्राणी आहे, हे सांगून सांगून आई थकली. (याचीही नोंद लागतेच. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची. मालक बदलला तर तेही कळवायचं.)

सेट ऑनलाइन मागवला: १५० वॉटचा सिरॅमिक हीटर, प्रोबवाला (तापमान मोजणाऱ्या तारेचा) थर्मोस्टॅट, जो तापमान पाहून हीटर चालू-बंद करतो, आणि यूव्हीबी म्हणजे उन्हात असतात तसले अतिनील किरण देणारी ट्यूब. पिंजरा सुताराकडून करून घेतला, सहा फूट उंच, कारण या प्राण्याला वर चढून बसायचं असतं.

हीटर पहिल्याच आठवड्यात आवडला. उजेड अजिबात नाही, नुसती ऊब, त्यामुळे रात्रभर चालू ठेवला तरी तात्याची झोपमोड होत नाही. पण सोबत आलेला होल्डर प्लॅस्टिकचा! चौथ्या रात्री जळका वास आला म्हणून उठलो, तर होल्डर एका बाजूनं वितळलेला. दुसऱ्या दिवशी महाराणी रोडवरून चिनी मातीचा होल्डर आणला, तो आजवर टिकून आहे. हीटरला जाळीचं कव्हरही करून घ्या. इग्वाना गरम वस्तूला चिकटून बसतो आणि भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही.

खरी फजिती थर्मोस्टॅटनं केली. जानेवारीत रात्री खोली बारा-तेरा अंशांवर उतरायची. तात्या काळपट पडला, चार दिवस पाल्याला तोंड लावलं नाही. डिस्प्लेवर मात्र ३२. मी निर्धास्त! डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रोब कुठे आहे?" प्रोब होता हीटरच्या अगदी खाली, आणि तात्या बसायचा दीड फूट लांब. करोनातली कपाळावर धरायची बंदूक फांदीवर धरून पाहिली, तर तिच्यावर 'लो' आलं. ती माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच असते, हे तेव्हा कळलं. मग कारखान्यात वापरतात तसला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. फांदीवर भरला २१.

त्याला ऊन खायच्या जागी ३५ ते ३८ अंश लागतात, दुसऱ्या टोकाला २६-२७, रात्री २३ च्या खाली नको. पोटातले जंतू पाला आंबवून पचवतात, त्यांनाही ऊब हवी. म्हणून गार अंगानं जबरदस्तीनं भरवू नका, आधी ऊब द्या, असं डॉक्टरांनी बजावलं. फांदी हीटरखाली सरकवली, प्रोब फांदीलाच बांधला, जाळीवर तीन बाजूंनी प्लॅस्टिक लावलं. हीटरजवळची बाजू अर्थातच मोकळी ठेवली. तिसऱ्या दिवशी तात्यानं जास्वंदीची फुलं फस्त केली.

प्रोब बांधा म्हणतो, चिकटवू नका. सोबतची रबरी वाटी मार्चमध्ये सुटली, प्रोब गार फरशीवर पडला आणि हीटर बंदच होईना. फांदीवर ४६! मी घरी होतो म्हणून निभावलं.

ट्यूबबद्दल तक्रार नाही. हाडांसाठी डी३ जीवनसत्त्व लागतं आणि ते यूव्हीबीतून तयार होतं. मावसभावाकडे नुसता पिवळा बल्ब होता, त्यामुळे आला तेव्हा जबडा जरा मऊ होता. आता सुधारलाय. ट्यूब फांदीपासून फूटभर अंतरावर आहे, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नाही, कारण काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. थंडीत सकाळचं गच्चीवरचं ऊनही देतो. ते फुकट आणि ट्यूबपेक्षा सरस. मात्र काचेच्या पेटीत ठेवून ऊन देऊ नका, भट्टी होते. खायला शेवग्याचा पाला (मंडईत सुरजना म्हणून मागा), तुतीची पानं, लाल भोपळा. पालक जवळजवळ बंद, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं.

उन्हाळ्यात हीटर जवळजवळ बंदच होता. तेव्हा अडचण कोरड्या हवेची. यांना ७० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात ओठ फुटतात. खोलीत कूलर लावला, वर दिवसातून तीनदा पाणी फवारलं. टबात रोज डुंबवतो. तिथेच तो सगळे विधी उरकतो, हे आईला अजून मान्य नाही.

थंडीत हीटरचं बिल रोज साधारण एक युनिट. हीटरला पाचपैकी पाच, ट्यूबला चार (महाग आहे), थर्मोस्टॅटला तीन, होल्डरला शून्य.

ट्यूब पुढच्या महिन्यात बदलायची आहे. दिसायला पेटते तशीच पेटते, पण आतलं यूव्हीबी वर्षभरात उतरतं. आई म्हणते, चांगली चालतेय की, स्वयंपाकघरात लावू. नको म्हटलं, डोळ्यांना त्रास होईल. जुनी ट्यूब माळ्यावर जाणार आणि दिवाळीच्या साफसफाईत हाच वाद पुन्हा होणार.