लाल नेमका कोणता? एका रंगसल्ला सेवेचे परीक्षण

लाल रंग आपल्याला शोभत नाही, असे ठामपणे सांगणाऱ्या अनेक जणी भेटतात. त्यांतल्या बहुतेकींनी एखाददुसरी छटाच अंगाला लावून पाहिलेली असते, आणि तीही दुकानातल्या दिव्याखाली. चेहऱ्याजवळ निरनिराळ्या रंगांची कापडे धरून कोणता रंग खुलतो हे ठरवून देणारी ‘पर्सनल कलर अ‍ॅनालिसिस’ नावाची सेवा मी नुकतीच घेतली, ती केवळ लाल रंगापुरता नीट सल्ला मिळावा म्हणून. या सेवेची पद्धत मला मनापासून पटली. शेवटी हातात मिळालेला निष्कर्ष मात्र तितका पटला नाही.

सुरुवातीला चेहऱ्यावरचा सगळा मेकअप पुसायला लावला, केस पांढऱ्या कापडाने झाकले, अंगातल्या कपड्यांवर करडे कापड पांघरले आणि खोलीतले दिवे बंद करून मला खिडकीसमोर बसवले. हा काटेकोरपणा लाल रंगासाठी फार महत्त्वाचा आहे. दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो आठ सौम्य रंग त्या प्रकाशात कसे दिसतात याची सरासरी असतो. गडद लालसाठी ‘आर९’ हे वेगळे माप आहे आणि ते या सरासरीत धरलेलेच नसते. त्यामुळे ८० सीआरआय असलेल्या कित्येक एलईडी दिव्यांखाली बाकीचे रंग ठीक दिसतात, पण लाल मळकट आणि तपकिरीकडे झुकलेला दिसतो. अशा प्रकाशात नाकारलेली साडी किंवा लिपस्टिक कदाचित उत्तम असेलही. तिला न्याय मिळालेला नसतो.

यानंतर शेंदरी, विटकरी, किरमिजी, डाळिंबी, मरून अशी कापडे एकामागून एक हनुवटीखाली धरली गेली. कापडाकडे पाहू नका, चेहऱ्याकडे पाहा, ही सल्लागार बाईंची सूचना मला सर्वांत मोलाची वाटली. शेंदरी कापड आले की नाकपुड्यांच्या कडेची लाली आणि गालावरचा जुना डाग लगेच वर आला. विटकरी कापड माझ्या सावळ्या, पिवळसर झाक असलेल्या त्वचेच्या इतके जवळचे निघाले की चेहरा आणि कापड यांतली सीमाच पुसट झाली आणि चेहरा थकलेला दिसू लागला. डाळिंबी कापडाने मात्र डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिकी वाटली आणि जबड्याची रेघ स्पष्ट झाली. यामागे दोन परिणाम एकाच वेळी काम करत असतात. कापडावरून परतणारा प्रकाश हनुवटीखाली लाली आणतो, तर शेजारच्या रंगामुळे डोळ्याला होणारा भास त्वचेला उलट, म्हणजे किंचित हिरवट बाजूला ढकलतो. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप असे बदलतात, हे पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ सालीच सविस्तर मांडले होते. आपल्या चेहऱ्यावर यांपैकी कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे कापड प्रत्यक्ष धरून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि म्हणूनच ही सेवा घेण्यात अर्थ आहे.

माझी तक्रार यापुढच्या टप्प्याबद्दल आहे. मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, यावरून माझी त्वचा ‘उष्ण’, म्हणजे पिवळसर झाकेची, ठरवण्यात आली आणि निळसर झाक असलेले सगळे लाल एका फटक्यात यादीतून वगळले गेले. शीर कोणत्या रंगाची दिसते हे ती त्वचेखाली किती खोल आहे यावरही अवलंबून असते. तेवढ्यावरून निर्णय देणे योग्य नाही. त्वचेचा रंग मेलॅनिन, हिमोग्लोबिन आणि कॅरोटीन यांच्या कमीअधिक प्रमाणातून घडतो, त्यामुळे त्याला उष्ण आणि थंड अशा दोनच कप्प्यांत बसवता येत नाही. लाल निवडताना तो किती गडद आणि किती स्वच्छ आहे, हे मला उष्ण-थंडपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. गडद किरमिजी कापड माझ्या चेहऱ्यावर खुलल्याचे आरशात आम्हा दोघींनाही दिसले होते, तरीही ते यादीत आले नाही.

लिपस्टिकचा भाग मात्र अतिशय चांगला झाला. मनगटावर रेघ ओढून पाहण्याऐवजी खालच्या ओठाच्या एका बाजूला नारिंगी लाल आणि दुसऱ्या बाजूला निळसर लाल लावून थोडा वेळ थांबायला सांगितले. हे थांबणे आवश्यक आहे, कारण काही लिपस्टिकमध्ये इओसिन गटातले रंग असतात. ते ओठांवर मुरताना गुलाबी होत जातात, आणि मग शेंदरी म्हणून घेतलेली छटा काही मिनिटांत वेगळीच दिसू लागते. ओठांचा मूळ रंग तपकिरी असेल, तर पातळ थरातून तोही डोकावतो. दातांचा फरकही तिथेच लक्षात आला: निळसर लालमुळे दात पांढरे दिसतात, नारिंगी लालमुळे त्यांचा पिवळेपणा उठून दिसतो. लिपस्टिक आणि कपडा यांचा लाल हुबेहूब एक असण्याची गरज नाही, हे बाईंचे मत मलाही मान्य आहे. मात्र एक शेंदरी आणि दुसरा किरमिजी असला, तर दोन्ही बिघडतात.

दोन उणिवा सांगायलाच हव्यात. सगळी कापडे एकाच पोताची, बिनचमकीची होती. एकच लाल सॅटिनवर उजळतो आणि मखमलीवर खोल होतो, त्यामुळे निदान एक चमकदार कापड तरी हवे होते. दुसरे म्हणजे संध्याकाळच्या मंद प्रकाशाचा विचारच झाला नाही. उजेड कमी होत गेला की डोळ्याला लाल रंग इतर रंगांच्या आधी काळवंडलेला दिसतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. दिवसा भारदस्त दिसणारा मरून रात्रीच्या समारंभात जवळजवळ काळा वाटतो, तेव्हा रात्रीसाठी एक पायरी उजळ लाल सुचवायला हवा होता.

ज्यांना लाल घालण्याची इच्छा आहे पण धीर होत नाही, त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. जाताना आपल्याकडचे लाल कपडे आणि लिपस्टिक सोबत न्याव्यात आणि त्यांचीही खिडकीपाशीच पारख करून घ्यावी. शेवटी जे छापील कार्ड मिळते, त्यावरचे लाल प्रत्यक्ष कापडाशी जुळत नाहीत. त्याऐवजी खुललेल्या कापडांचे छोटे तुकडे मागून घ्यावेत, म्हणजे खरेदीच्या वेळी ते कपड्याला लावून पाहता येतील.