'पेशी जिवंत घेऊन या' म्हणणारी लॅब

"मॅडम, या पेशी आमच्याकडे यायच्या आधीच उपाशी मेल्यात."

पुण्याहून आलेला हा फोन गेल्या वर्षातला मला सर्वांत उपयोगी पडलेला फोन. ज्या लॅबमधून तो आला तिच्या मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) आणि एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपून रेणू ओळखणारं यंत्र) सेवेबद्दल लिहिते आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत. पण काम कसं केलं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्ही जिथे कुठे नमुने पाठवाल तिथे काय विचारायचं ते कळेल.

मी कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे एक यीस्ट आहे, गुऱ्हाळावरच्या रसाच्या टाकीच्या काठावरून वेगळं केलेलं. साखर जितकी दाट तितका त्याला हुरूप. दाट साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढते आणि ते टिकवायला यीस्ट आत ग्लिसरॉल साठवतं, एवढं पुस्तकात आहे. आमचा प्रश्न साधा होता: हे यीस्ट खाल्लेल्या ग्लुकोजमधला कार्बन इथेनॉलकडे किती वळवतं आणि ग्लिसरॉलकडे किती, आणि हा फाटा केव्हा फुटतो?

आमच्या कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारा. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात ३४० नॅनोमीटरवर एनएडीएच (पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, ते देऊन टाकले की तो एनएडी होतो) मोजलेलं सगळ्यांनाच आठवत असेल. एनएडीएच तिथला प्रकाश शोषतं, एनएडी शोषत नाही. याच गुणाचा धागा धरून ब्रिटन चान्स यांनी जिवंत पेशींमधलं एनएडीएच त्याच्या निळसर प्रकाशावरून पाहिलं होतं. पण त्यावरून कार्बन कुठे गेला हे कळत नाही. त्यासाठी खुणेचा कार्बन लागतो, म्हणजे नेहमीपेक्षा जड असल्याने ओळखू येणारा कार्बन-१३, आणि तो मोजणारी यंत्रं आमच्या आवाक्यातली नाहीत.

म्हणून सहाही कार्बन कार्बन-१३ असलेलं ग्लुकोज मागवलं. साध्या ग्लुकोजच्या हजारो पट महाग. ती बाटली उघडताना माझ्या विद्यार्थिनीने पंखा बंद केला होता. यीस्टला ते दिलं, ठरलेल्या वेळांना नमुने काढले, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवले, गार पाण्याने धुतले, उणे ८० अंशांवर गोठवले. मग थर्मोकोलच्या खोक्यात ड्राय आइस भरून गाडीने पुण्याला. काचा सगळ्या वाटेवर थोड्या उघड्या, कारण बंद गाडीत ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड कोंडला तर जिवावर बेतू शकतं. हे सगळं व्यवस्थित केलं, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं.

नमुने चोवीस होते. तिथल्या सरांनी त्यातले तीनच यंत्रावर घातले आणि थांबले. आधी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि तो खर्च होताना बनणारे एडीपी आणि एएमपी पाहिले. या तिघांवरून 'एनर्जी चार्ज' काढतात: एटीपी अधिक एडीपीचं निम्मं, भागिले तिघांची बेरीज. १९६० च्या दशकात डॅनिएल अ‍ॅटकिन्सन यांनी मांडलेली ही कल्पना मी दरवर्षी शिकवते. धडधाकट पेशीत हा आकडा साधारण ०.८ ते ०.९५ असतो. आमचा ०.४ च्याही खाली होता.

चूक पूर्णपणे आमची होती. पेशीतला एटीपी काही सेकंदांत खर्च होतो आणि पुन्हा भरतो. सेंट्रिफ्यूजच्या पाच मिनिटांत आणि धुण्यात यीस्टला साखर मिळतच नव्हती. थंडीने चयापचय मंदावतो, बंद पडत नाही. आम्ही मोजायला निघालो होतो दाट साखरेतलं यीस्ट आणि खोक्यातून नेलं होतं उपासमारीतलं यीस्ट. उरलेले एकवीस नमुनेही त्यांनी चालवले असते तर सुंदर आलेख मिळाले असते आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. त्यांनी तीनच नमुन्यांचे पैसे घेतले आणि सांगितलं, पुढच्या वेळी पेशी जिवंत घेऊन या.

सेवा चांगली की वाईट हे माझ्या लेखी इथेच ठरलं. मास स्पेकमध्ये पेशी मारावीच लागते, आणि ती कशी मारली यावर उत्तर ठरतं. यंत्रातून निघणारा आकडा त्या पहिल्या काही सेकंदांचा असतो. ते सेकंद आपली जबाबदारी मानणारी लॅब मला पहिल्यांदाच भेटली.

दुसऱ्या खेपेला यीस्ट तिथल्याच शेकरवर ३० अंशांना वाढवलं. सरांनी आधी साध्या ग्लुकोजवर सहा वेळा सराव करून घेतला. पेशी गाळणीच्या पडद्यावर ओतायच्या, व्हॅक्यूमने माध्यम खेचलं गेलं की धुवायचं नाही, पडदा चिमट्याने उचलून तसाच उलटा बशीत टाकायचा. बशीत उणे २० अंशांचं अ‍ॅसिटोनायट्राइल, मेथॅनॉल आणि पाणी, ४०:४०:२० प्रमाणात. सर शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभे. पहिल्या खेपेला आम्हाला अर्धं मिनिट लागलं, सहाव्या खेपेला दहा सेकंदांच्या आत. मगच महागडी बाटली उघडू दिली. एनर्जी चार्ज ०.८८ आला तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

आता एनएमआरबद्दल, कारण त्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाईन. इथे पेशी मारायची गरजच नसते. यीस्टचं दाट मिश्रण १० मिलिमीटरच्या नळीत भरलं, पेशी तळाशी बसू नयेत म्हणून बारीक नळीतून बुडबुडे सोडले आणि फक्त पहिला कार्बन खुणेचा असलेलं ग्लुकोज घातलं. दर मिनिटाला एक वर्णपट, म्हणजे रेणूंच्या संकेतांचा आलेख. ९३ आणि ९७ पीपीएमच्या (आलेखावरची जागा या एककात सांगतात) आसपास ग्लुकोजच्या अल्फा आणि बीटा रूपांची दोन टोकं होती. ती खाली येऊ लागली, आणि १७.५ वर, जिथे आतापर्यंत काहीच नव्हतं, तिथे एक टोक वर आलं. ते इथेनॉलचा मिथाइल कार्बन, म्हणजे साखळीतला शेवटचा.

ग्लुकोजचा पहिला कार्बन शेवटी इथेनॉलच्या मिथाइलमध्ये जातो हे मी एकोणीस वर्षं फळ्यावर खडूने दाखवते आहे. बाण काढायचा, पुढच्या रेणूत तो कार्बन गोल करायचा, पुन्हा बाण. त्या दिवशी तोच कार्बन जिवंत पेशींमध्ये जाताना डोळ्यांनी पाहिला. थोड्या वेळाने ६३ पीपीएमवर ग्लिसरॉल उगवलं आणि दाट साखरेच्या नळीत ते विरळ नळीपेक्षा खूप लवकर आणि उंच आलं. आमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या संगणकाच्या पडद्यावर होतं. रॉबर्ट शुलमन यांच्या गटाने १९७९ मध्ये यीस्टवर असाच प्रयोग केला होता. शोधनिबंध मी वाचलेला होता, तरी पाहणं वेगळं.

मग मास स्पेक कशाला? कारण एनएमआरला रेणू भरपूर लागतात, मिलिमोलरच्या घरात. वाटेत क्षणभर थांबणारे, अगदी थोडे असणारे रेणू त्याला दिसत नाहीत. आणि गंमत अशी की ज्या ग्लिसरॉलवर आमची नजर होती ते इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (रेणूंना विद्युतभार देऊन मास स्पेकमध्ये सोडणारा फवारा) नीट विद्युतभार घेत नाही, त्यामुळे इथल्या मास स्पेकला ते जवळजवळ अदृश्यच. पण त्याच्या आधीची पायरी, ग्लिसरॉल-३-फॉस्फेट, तिथे लख्ख दिसते: ऋण आयन १७१.००६ वर, आणि तिन्ही कार्बन खुणेचे झाले की १७४.०१६ वर. यीस्टने फाटा केव्हा घेतला ते या दोन टोकांच्या बदलत्या उंचीने सांगितलं, आणि शेवटी किती साठलं ते एनएमआरने. एकाच यंत्रावर विसंबलो असतो तर प्रश्न अर्धाच सुटला असता.

मास स्पेकचं यंत्र ऑर्बिट्रॅप जातीचं आहे, म्हणजे वस्तुमानातला अगदी बारीक फरक ओळखणारं. ग्लुटामिन आणि लायसिन दोघांचंही वस्तुमान १४६, फरक फक्त ०.०३६ चा, तरी त्यांची टोकं स्वच्छ वेगळी आली.

तक्रारी. वेळ मिळायला अडीच महिने लागले. एनएमआर आणि मास स्पेकसाठी दोन वेगळे अर्ज, आणि दोन्हीकडे नमुन्यांचे क्रमांक वेगळे. ते जुळवण्यात आमचा एक अख्खा दिवस गेला. याहून मोठी गोष्ट अहवालाची. कार्बन-१३ निसर्गातही १.१ टक्के असतोच. तो वजा केल्याशिवाय 'खूण इतके टक्के पोहोचली' असं म्हणता येत नाही. अहवालात तो वजा केलेला नव्हता आणि तसं लिहिलेलंही नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीने ते गणित स्वतः केलं. शिवाय ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि फ्रुक्टोज-६-फॉस्फेट यांचं वस्तुमान तंतोतंत एकच असतं. ते कॉलममध्येच (मास स्पेकच्या आधी मिश्रणातले रेणू वेगळे करणारी नळी) वेगळे झाले नाहीत तर कितीही अचूक मास स्पेक त्यांना वेगळं करू शकत नाही. अहवालात दोघांचं मिळून एकच टोक होतं आणि नाव मात्र पहिल्याचंच दिलं होतं. नवख्या माणसाने ते खरं धरून शोधनिबंधात छापलं असतं. क्रोमॅटोग्राम (कॉलममधून काय केव्हा बाहेर आलं त्याचा आलेख) मागून घ्या, नुसत्या तक्त्यावर थांबू नका. सरांना हे दाखवल्यावर त्यांनी अहवाल दुरुस्त करून दिला, पण मागावं लागलं.

दर शैक्षणिक संस्थांना कमी आहे. खुणेचं ग्लुकोज मात्र आपलं आपण आणायचं, आणि ते यायला वेळ लागतो, तेव्हा तारीख ठरायच्या आधीच मागवून ठेवा. मुक्कामाची सोय नाही. आम्ही विद्यार्थिनीच्या मावशीकडे राहिलो.

पुढची वेळ मी नोव्हेंबरात मागितली आहे, गुऱ्हाळं सुरू झाल्यावर. या वेळी लॅबमध्ये जपलेलं यीस्ट न्यायचं नाही. पहाटे टाकीच्या काठावरून ताजं घ्यायचं आणि त्याच दिवशी नळीत भरायचं, असं ठरलं आहे. सर म्हणाले, १० मिलिमीटरची नळी धुऊन ठेवतो, तुम्ही निघालात की फोन करा.