बी.ए. इतिहास: एकटा की जोडीने?

बारावीचा निकाल लागला की मला येणारे फोन एकाच वळणाचे असतात. मुलीला इतिहासच घ्यायचाय, मार्क चांगले आहेत, पण कुणाचं ऐकत नाही. मग एक उसासा, आणि मुद्द्याचा प्रश्न: "सर, निदान सोबत एखादा कामाचा विषय घेतला तर?" कामाचा म्हणजे कुठला, असं विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, राज्यशास्त्र.

मी पुण्याच्या जुन्या पद्धतीत इतिहास स्पेशल केलेला आणि पुढे तोच शिकवणारा माणूस. तेव्हा माझा कल आधीच सांगून टाकतो. राज्यशास्त्राशी माझं वैर नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुढे ज्या गोष्टी नडतात त्या राज्यशास्त्रातून फारशा मिळत नाहीत. नडते ती जुन्या कागदाची भाषा, नडतात आकडे, आणि नडतो नकाशा. जोडीचा विषय यांतलं एक तरी हाताशी देणार असेल तर जोडी घ्यावी. देणार नसेल तर इतिहासातच खोल उतरावं, त्यात काही कमीपणा नाही.

'एकटा' म्हणजे किती एकटा?

जुन्या पुणे विद्यापीठात 'इतिहास स्पेशल' म्हटलं तरी तिसऱ्या वर्षाला इतिहासाचे पेपर तीनच असायचे: दोन स्पेशल, एक जनरल. बाकी दोन जनरल विषय आणि इंग्रजी मागे लागलेलंच. मुंबईत मात्र टीवायला सहाच्या सहा पेपर इतिहासाचे घेता यायचे, किंवा तीन इतिहासाचे आणि तीन दुसऱ्या विषयाचे. म्हणजे खऱ्या अर्थाने 'एकटा' इतिहास मुंबईचा; आमचा पुण्याचा नावालाच स्पेशल.

आता नवं शैक्षणिक धोरण आलंय. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून सुरू झालं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची, चौथं वर्ष धरून ऑनर्स १६० ची. तीन वर्षांत मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, किमान ६० क्रेडिट, मायनरला, म्हणजे जोडीच्या विषयाला, २४. दुहेरी मेजर हवं असेल तर दुसऱ्या विषयातही किमान ४० टक्के क्रेडिट मिळवावी लागतात, म्हणजे १२० पैकी ४८. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. हिशेब केला तर मायनर म्हणजे सुमारे ३६० तास. हे तास थोडे नाहीत. अडीच-तीन वर्षांत एवढ्या वेळात माणूस एखादं हत्यार चालवायला शिकतो, किंवा तोच वेळ नोट्स उतरवण्यात घालवतो.

थोडक्यात, अगदी एकटा इतिहास आता कुणाच्याच वाट्याला येत नाही. प्रश्न उरतो तो मायनर कुठला आणि त्याला किती जीव लावायचा, एवढाच.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. कागदावर विद्यापीठ पंचवीस जोड्या देतं, कॉलेज देतं ज्यांना शिक्षक आहेत तेवढ्याच. मला स्वतःला अर्थशास्त्र हवं होतं. आमच्या कॉलेजात त्याचा तास नेमका इतिहासाच्या तासावर यायचा. खिडकीतल्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "पोलिटिकल घ्या, सगळे तेच घेतात." घेतलं. त्याची किंमत पुढे कळली, ती सांगतोच.

सुप्याच्या बाजारातून बघा

विषयांची तुलना हवेत करण्यापेक्षा एकच घटना धरू. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आता बारामती तालुक्यात असलेलं सुपे. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, कर्जाची खतं आणि वह्या मागितल्या, मिळाल्या त्या जाळल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

फक्त इतिहास शिकलेला चांगला विद्यार्थी या आयोगाचा अहवाल हातात घेतो आणि आधी अहवालालाच उलटतपासणीला उभा करतो. हा कुणी लिहिला, कुणाला दाखवायला लिहिला? जमिनीचा सारा वाढवल्याचा दोष सरकारवर येऊ नये म्हणून सगळं सावकारावर ढकललंय का? साक्षी कुणाच्या घेतल्या, कुणाच्या नाहीत? ही शंका घ्यायची सवय दुसरा कुठलाच विषय इतक्या पद्धतशीर लावत नाही. साधनचिकित्सा, इतिहासलेखनाच्या परंपरा, एकाच काळावर दोन-तीन पेपर हे सगळं वेळ मागतं, आणि तो वेळ एकट्या इतिहासातच मिळतो. ज्यांना पुढे एम.ए., नेट-सेट, पीएच.डी. करायचीय त्यांनी या खोलीला हलकं समजू नये. पहिल्या वर्षापासून दोन दगडांवर पाय ठेवलेली मुलं एम.ए.ला आल्यावर इतिहासलेखनशास्त्राच्या पेपरात गडबडतात, हे मी दरवर्षी बघतो.

अर्थशास्त्र जोडीला असलेली मुलगी त्याच अहवालात वेगळं पान उघडते. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपलं आणि भाव कोसळले. कर्ज घेतलं चढत्या भावाच्या भरवशावर, फेडायचं मात्र उतरत्या भावात, आणि त्यात साऱ्याची फेरआकारणी. 'सावकार दुष्ट होता' हे वाक्य तिला पुरत नाही. तिला व्याजाचा दर आणि पिकाचा भाव शेजारी शेजारी मांडायचा असतो. मला टीवायच्या प्रकल्पात नेमका असाच धान्याच्या भावांचा तक्ता मिळाला होता. तीन आठवडे तो बघत बसलो आणि शेवटी 'भाववाढ झाली' असं एक वाक्य लिहून सोडून दिला. ती त्या क्लार्कच्या खिडकीची किंमत.

भूगोलवाल्याला आणखी तिसरं दिसतं. सुपे पर्जन्यछायेत येतं. दंगे या कोरड्या पट्ट्यात पेटले, मावळाच्या भातखाचरांत नाही, हे त्याच्या चटकन लक्षात येतं. भूगोल ही आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित जोडी आहे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. किल्ला का तिथेच बांधला, पाणी कुठून आणलं, कुठल्या घाटावर नजर ठेवायची होती, हे सांगायला समोच्च रेषा वाचता याव्या लागतात. संगणकावर नकाशे करणारी जीआयएसची कौशल्यं भूगोल विभागात शिकवतात आणि इतिहासाची मुलं तिकडे फिरकत नाहीत.

शाळेत शिकवायचं असेल तर भूगोलाची बाजू आणखी भक्कम. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा आणि भूगोलाचा ४० चा. बी.एड.लाही शिकवण्याच्या दोन विषयपद्धती घ्याव्या लागतात. हे दोन विषय ज्याच्याकडे आहेत तो मुख्याध्यापकांना सोयीचा वाटतो.

राज्यशास्त्र? कायदा कसा झाला, राज्य मध्ये का पडलं, हे त्यातून समजतं. पण हे इतिहासाच्या चांगल्या वर्गातही समजतं. दोन्ही विषयांच्या अभ्यासक्रमांत काँग्रेसची स्थापना, टिळक-गोखले, घटना समिती पुन्हा पुन्हा भेटतात. अभ्यास हलका होतो, हा फायदा खरा. पण ती बचत आहे, कमाई नव्हे.

भाषेची जोडी, आणि एक तारीख

इथे थोडं थांबतो, कारण माझा जीव इथे आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल सोडला की आत मोडी लिपी. समजा एका कागदावर वर्ष लिहिलंय: 'सन इहिदे सितैन मया व अलफ'. ज्याने फक्त छापील पुस्तकांतून इतिहास केलाय तो इथेच अडतो. हे अरबी अंक आहेत: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन, यालाच मृगसाल म्हणतात, कारण वर्ष मृग नक्षत्राला बदलतं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. कागद जानेवारीतला असेल तर ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. पानिपत. एवढं कळल्यावर त्या चार शब्दांकडे बघताना अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी आला होता.

मोडी हा काही पदवीचा पूर्ण विषय नव्हे, पण मराठी मेजर किंवा मायनर असेल तर जुनी मराठी अंगात मुरते आणि मोडी लवकर हाती लागते. फारसी घेतली तर आणखी दारं उघडतात. सेतुमाधवराव पगडींनी मराठ्यांच्या इतिहासात फारसी साधनं आणली ती याच जोरावर. गोव्यातल्या विद्यार्थ्यांना तर पोर्तुगीज म्हणजे घरचं ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराचे 'मॉन्सून' ग्रंथ आहेत, वाऱ्यांच्या हंगामात जहाजांतून आलेले म्हणून ते नाव. पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दफ्तरांतून पोर्तुगीज-मराठे संबंध उलगडले. त्या कागदांना आजही वाचणारे थोडेच आहेत.

'याने पोट भरतं का' हा प्रश्न येणारच. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा गावोगावच्या जुन्या दफ्तरांतला मोडी मजकूर वाचायला माणसं मिळेनात. एरवीही जमिनीच्या वादात पणजोबांचा मोडी कागद घेऊन लोक वाचणाऱ्याचा पत्ता विचारत हिंडतात. गडगंज पैसा नाही, पण काम आहे आणि स्पर्धा कमी.

स्पर्धा परीक्षेचं काय?

राज्यशास्त्राच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा हाच. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनात इतिहासही आहे आणि राज्यघटनाही, त्यामुळे जोडी कामाला येते हे मान्य. पण तिथला वैकल्पिक विषय पदवीचाच असला पाहिजे असं बंधन नाही. इतिहास वैकल्पिकचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे, आणि पहिल्या पेपरात नकाशावरची २० स्थळं ओळखायला ५० गुण. (पुन्हा नकाशा!) एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषयासह. वर्णनात्मक उत्तरात मुद्देसूद लिहिता येणं लागतं, ते इतिहास एकटा असो वा जोडीने, नीट केला तर येतंच. परीक्षा नाही निघाली तर हातात काय उरेल, हे डोळ्यापुढे ठेवून पदवी ठरवलेली बरी.

वकिली करायची असेल तर फार डोकं खाजवू नका, कुठल्याही पदवीवर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं आणि एकटा इतिहास तिथे उत्तम चालतो. पुरातत्त्व हवं असेल तरी घाई नाही. डेक्कन कॉलेजात एम.ए.ला शिरता येतं, बी.ए.ला इतिहासच असला पाहिजे असं नाही. संग्रहालयाकडे ओढा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम किंवा बडोद्याचा संग्रहालयशास्त्र विभाग, दोन्ही पदवीनंतरचे.

२०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन पदव्या करायला मुभा दिलीय, एक नियमित आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून, अशीही. काही पालक यावर भलतेच खूश होतात. दोन्हीकडच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या की खुशी उतरते. त्यापेक्षा पुराभिलेख खात्याचा मोडी प्रशिक्षण वर्ग उन्हाळ्यात करा.

माझ्याकडे चालून आलेल्यांपैकी एकीने दोन वर्षांपूर्वी इतिहास मेजर आणि अर्थशास्त्र मायनर घेतलं, घरच्यांना राज्यशास्त्र हवं असताना. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. जुन्या कर्जखतांवर काहीतरी लिहितेय.

"सर, दरमहा शेकडा दोन म्हणजे सालाला चोवीस ना?"

"चोवीस. पण खतात मनोती आहे का बघ." मनोती म्हणजे सावकार कर्ज देतानाच कापून घ्यायचा ती रक्कम.

"आहे, दोन रुपये, आधीच कापलेत." थोडा वेळ शांतता. "म्हणजे खत शंभराचं आणि हातात आले अठ्ठ्याण्णव. मग सालभराने फेडलं तर दर साडेसव्वीसच्या जवळ जातो." आणि तिने फोन ठेवला, मला काही बोलायची संधी न देता.